बुकमेकर म्हणतो, भाव चुकून लागला होता

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता. एका शनिवारी तिथल्या परवानाधारक बुकमेकरच्या, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपनीच्या, ॲपवर दोन बेट (पैजा) लावल्या. पहिली घोड्यावर, २५ पौंड, भाव ८०-१, म्हणजे जिंकल्यास एका पौंडाला ८० पौंड आणि लावलेला पौंड परत. त्याच घोड्याला बाकी सगळीकडे ८-१ च्या आसपास भाव होता. घोडा पहिला आला, २,०२५ पौंड खात्यात जमा झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले १,८०० परत काढून घेतले गेले. दुसरी बेट फुटबॉलवर, अमुक खेळाडू पहिला गोल करील म्हणून ६० पौंड, भाव १४-१. इतरांकडे ९-१ ते ११-१ चालू होते. तीही लागली, पण हिशेब ९-१ ने झाला, म्हणजे ९०० ऐवजी ६०० पौंड हातात आले. दोन्हींना कारण एकच दिले, ‘उघड चूक’. आता या २,१०० पौंडांसाठी भांडावे का, आणि कसे?

गेली बावीस वर्षे मी इंग्लंडमध्ये ग्राहकांच्या बाजूने कराराचे दावे चालवतो. माझे मत स्पष्ट आहे. फुटबॉलच्या ३०० पौंडांसाठी जरूर भांडा, बाजू भक्कम आहे. घोड्याच्या १,८०० साठी भांडू नका. ती बाजू नुसती कच्ची नाही, तिच्यात तुमचे आहेत ते पैसेही जाण्याची शक्यता आहे. रकमा पाहून तुम्हाला हे उलटे वाटेल, म्हणून नीट समजावून सांगतो.

सुरुवात एका समजुतीपासून करतो, कारण तुमच्या पत्रातही ती डोकावते. ‘सट्ट्याचे पैसे कोर्टात कुठे मागता येतात?’ आपल्याकडे हे खरेच आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक, आणि पैज जिंकली म्हणून दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या तिसऱ्या कायद्याने पैजेला जोडून केलेले इतर करारही निरर्थक ठरवले. १९५९ मध्ये घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडून सांगितला: पैज बेकायदा नसली तरी तिची वसुली होत नाही, आणि पैजेला जोडलेला करार बाकी भारतात टिकू शकतो, मुंबईच्या कायद्याखाली नाही. इंग्लंडमध्येही १८४५ च्या गेमिंग ॲक्टपासून स्थिती अशीच होती. बुकमेकरने पैसे बुडवले तर गिऱ्हाइकाला दाद नव्हती. हे बदलले ते गॅम्बलिंग ॲक्ट २००५ मुळे. त्याच्या कलम ३३५ ने, १ सप्टेंबर २००७ पासून, करार जुगाराचा आहे एवढ्यावरून त्याची अंमलबजावणी अडणार नाही असे ठरले. तेव्हापासून तिथली बेट म्हणजे मोबाइलच्या किंवा विम्याच्या करारासारखाच एक करार. हा बदल ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. करार आला की करारातली चूक आली, अटी आल्या आणि ग्राहक कायदाही आला.

आता चुकीबद्दल. इंग्लिश कायद्यात एका बाजूची चूक झाली म्हणून करार सहसा मोडत नाही. दुकानदाराने किंमत कमी लावली आणि सौदा झाला, तर तोटा त्याचा. अपवाद एकच: समोरच्याला ती चूक कळली होती, किंवा कोणत्याही शहाण्या माणसाला कळलीच असती, आणि तरीही त्याने ती पदरात पाडून घेतली. याचा जुना दाखला १९३९ चा, हार्टोग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स. अर्जेंटिनाच्या ३०,००० सशांच्या कातड्यांचा सौदा होता. बोलणी सगळी नगावर झाली होती, त्या धंद्यात भावही नगावरच चालायचा, पण विकणाऱ्याने लेखी देताना भाव पौंड वजनावर लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे भाव एकतृतीयांशावर आला. न्यायालय म्हणाले, घेणारा त्याच धंद्यातला, ही चूक त्याला दिसलीच असणार. सौदा उभा राहिला नाही.

तेव्हा प्रश्न ‘चूक कोणाची’ हा नाही. चूक बुकमेकरचीच आहे, तो स्वतःच तसे म्हणतो. प्रश्न आहे तो बटण दाबताना तुम्हाला काय दिसत होते, याचा.

आणि इथेच तुमचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज आडवा येतो. दुपारी २:४१ ला तुम्ही मित्रांच्या ग्रुपवर लिहिले, ‘यांनी एक शून्य जास्त मारलंय, पटकन लावा.’ बेटची वेळ २:४३. एवढे एक वाक्य पहिला दावा संपवते. सिंगापूरचा एक खटला हुबेहूब असा आहे. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या डिजिलँडमॉल या संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. आम्हाला ती खरीच किंमत वाटली, असे त्यांचे म्हणणे. पण मागवण्याआधी आणि मागवताना त्यांनी एकमेकांशी चॅटवर काय बोलणे केले होते ते न्यायालयासमोर आले आणि त्यातून दिसले की चूक आहे हे त्यांना माहीत होते. खालच्या न्यायालयात हरले, २००५ मध्ये अपिलातही हरले. निकाल सिंगापूरचा असला तरी इंग्लंडमध्ये वकील तो काढतात आणि न्यायाधीश तो वाचतात.

तुम्ही लिहिले आहे की तो मेसेज तुम्ही डिलीट केला. कृपा करून पुढे असे काहीही करू नका. ग्रुपमध्ये नऊ जण आहेत, त्यांच्या फोनवर तो आहेच. शिवाय दाव्याच्या कागदावर ‘यातला मजकूर खरा आहे’ असे विधान सही करून द्यावे लागते. तिथे जाणूनबुजून खोटे लिहिले तर तो न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. १,८०० पौंडांसाठी नोकरी आणि व्हिसा टांगणीला लावण्यासारखे हे नाही. एवढ्या वर्षांत मी पाहिलेले सर्वांत वाईट शेवट दावा हरल्यामुळे झालेले नाहीत. दावा जिंकायला पुरावा पुसला म्हणून झालेले आहेत.

समजा मेसेज नव्हताच. तरी ८-१ ऐवजी ८०-१ ही दशमानाची घसरण आहे, तिला या धंद्यात सरळ ‘पाल्प’ (पाल्पेबल एरर, म्हणजे उघड चूक) म्हणतात. रेस सुरू व्हायला वीस मिनिटे असताना सगळ्या बाजारात जो घोडा ८-१ आहे तो एकाच ठिकाणी दहापट भावाने मिळतो, हे रेसचा नाद असलेल्या माणसाला न कळणे पटवून देणे कठीण आहे. महालक्ष्मी रेसकोर्सवर बुकींच्या रिंगमध्ये उभा राहिलेला कुणीही हेच सांगेल.

आता पैसे परत जाण्याची शक्यता कुठून येते ते पाहा. तुम्हाला त्यांनी २२५ पौंड दिले, म्हणजे ‘योग्य’ भावाने हिशेब केला. हा हिशेब कायद्यातून आलेला नाही, त्यांच्या अटीतून आला आहे. उघड चूक झाली तर आम्ही योग्य भावाने देऊ, असे ती अट म्हणते. तुम्ही न्यायालयात जाऊन ती अट अन्याय्य आहे, मला बांधील नाही, असे सिद्ध केले तर बुकमेकर काय करील? तो हार्टोगचा आधार घेईल. ज्याला चूक माहीत होती त्याच्याशी करारच झाला नाही, असे म्हणेल. करारच नाही, तर तुम्हाला परत मिळतात ते फक्त लावलेले २५ पौंड. म्हणजे ज्या अटीवर तुमचा राग आहे तिनेच तुम्हाला २०० पौंड जास्त दिले आहेत. ती मोडायला जाऊ नका.

दुसऱ्या बेटची गोष्ट अगदी निराळी. ‘पहिला गोल कोण करणार’ या बेटमध्ये भाव कंपनीगणिक हलतो. कुणी खेळाडूला ९-१ देते, कुणी ११-१, कुणी गिऱ्हाईक ओढायला १४-१ देते. त्यात बुकमेकर स्वतःच दर शनिवारी ‘वाढीव भाव’ म्हणून जाहिरात करतात. ज्या धंद्याने गिऱ्हाइकाला वाढलेला भाव पाहायची सवय लावली, त्याने १४-१ पाहून ‘ही चूक असणार’ असे ओळखायला हवे होते, हे म्हणणे मला कोणत्याही न्यायाधीशासमोर टिकेलसे वाटत नाही. ग्रुपवरही या बेटबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही.

तुमच्याकडचे दोन स्क्रीनशॉट मी नीट पाहिले. पहिल्यात, म्हणजे तुम्ही बेट लावली तेव्हा, फोनच्या कोपऱ्यात १२:०८ वाजले आहेत आणि भाव १४-१. दुसऱ्यात, म्हणजे तुम्ही बायकोला दाखवायला पुन्हा ॲप उघडले तेव्हा, २:५२. भाव अजून १४-१. सामना ३ वाजता. दोन तास चव्वेचाळीस मिनिटे तो भाव त्यांच्या स्वतःच्या पाटीवर लागलेला होता आणि भाव ठरवणाऱ्या त्यांच्या माणसांना तो खटकला नाही. ज्या चुकीकडे रोज हेच काम करणाऱ्यांचे लक्ष गेले नाही, ती तुमच्यासाठी ‘उघड’ कशी? पत्रात हा मुद्दा सर्वांत वर घ्या. आणि ते दोन्ही स्क्रीनशॉट न कापता, मूळ फाइल म्हणून जपा. कापले की वरची वेळ जाते, आणि इथे वेळ हाच पुरावा आहे.

त्यांच्या अटीचे शब्दही तुमच्या बाजूने आहेत. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात दोन भाग आहेत. पहिल्यात, भाव बाजारभावापेक्षा ठळकपणे वेगळा असेल तर तो दुरुस्त करू. दुसऱ्यात, चूक उघड आहे की नाही हे आम्हीच ठरवू. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे ग्राहकाशी केलेली अट साफ आणि समजेल अशी हवी. तिचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाला सोयीचा अर्थ घ्यायचा, हे कलम ६९. अटीचा अर्थ लावायचा हक्क एकट्या व्यापाऱ्याकडे ठेवणारी अट तर त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, संशयास्पद अटींच्या यादीतच, बसवलेली आहे. तिथे असणे म्हणजे ती आपोआप रद्द असे नाही, पण ती न्याय्य आहे हे पटवून देताना बुकमेकरला घाम फुटेल. आणि ‘ठळकपणे वेगळा’ म्हणजे किती? १४-१ आणि ११-१ मध्ये ठळक काय आहे, हे त्यांना आकड्यांनी सांगू द्या. तुमचा हिशेब त्यांनी ११-१ सोडून नेमक्या ९-१ ने, बाजारातल्या तळाच्या भावाने केला तो का, हेही विचारा.

न्यायालये अशा अटींकडे कसे बघतात याचे तीन निकाल तुम्हाला ठाऊक असावेत. तिन्हींत बुकमेकरची किंवा लॉटरी कंपनीची चूक होती, पण निकाल एकाच बाजूला गेले नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये अँड्र्यू ग्रीन हे बेटफ्रेडच्या ऑनलाइन ब्लॅकजॅकमध्ये सुमारे १७ लाख पौंड जिंकले. कंपनी म्हणाली, सॉफ्टवेअर बिघडले होते, पैसे देणार नाही. त्यांना ६०,००० पौंड देऊ केले गेले, बदल्यात गप्प राहायचे. त्यांनी नाकारले. एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश फॉस्टर यांनी पूर्ण सुनावणीचीही गरज नाही म्हणत त्यांच्या बाजूने निकाल दिला. अटी लांबलचक, गुंतागुंतीच्या, ग्राहकासमोर नीट न आणलेल्या, आणि त्यांच्या शब्दांत हा प्रसंग बसतही नव्हता. मार्च २०२५ मध्ये कॉरिन डर्बर यांचा निकाल आला. ऑक्टोबर २०२० मध्ये पॅडी पॉवरच्या एका खेळात पडद्यावरचे चाक ‘मॉन्स्टर जॅकपॉट’वर, १०,९७,१३२.७१ पौंडांवर थांबले. खात्यात आले २०,२६५.१४. कंपनीचे म्हणणे, खरा निकाल आतल्या यंत्रणेने छोट्या जॅकपॉटचा काढला होता, पडद्यावर चुकीचे चित्र दिसले. न्यायाधीश रिची यांनी ते मानले नाही: खेळणारा पडदा पाहून खेळतो, पडद्यावर दिसते तेच खरे धरायचा त्याला हक्क आहे.

पण मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, पार्कर-ग्रेनन विरुद्ध कॅमेलॉट या अपिलात ग्राहक हरली. पाच पौंडांच्या ऑनलाइन लॉटरीत पडद्यावर दहा लाखांचे आकडेही जुळलेले दिसले आणि दहा पौंडांचेही. कंपनीने दिले दहाच. तिथल्या नियमांत, निकाल आधीच ठरलेल्या अधिकृत नोंदीवरून लागतो, हे स्पष्ट लिहिलेले होते आणि अपील न्यायालयाने ते ग्राह्य धरले. अटी वाचल्या नाहीत, नुसते ‘मान्य’ दाबले, हा बचाव तिथे चालला नाही. अपवाद ठेवला तो विलक्षण किंवा जाचक अटींचा. तशी अट ग्राहकाच्या डोळ्यांपुढे ठळकपणे आणावी लागते.

हे तिन्ही निकाल बिघडलेल्या खेळाचे आहेत, चुकलेल्या भावाचे नाहीत, हे विसरू नका. ‘डर्बर जिंकल्या, म्हणजे माझे ८०-१ पण मिळणार’ असे मला दर महिन्याला कुणीतरी लिहिते. डर्बर यांना चाक थांबले तेव्हा चूक कळायचा काही मार्गच नव्हता. तुम्हाला २:४१ ला कळली होती. ग्रीन आणि डर्बर यांच्या शेजारी तुमची बसते ती फुटबॉलची बेट, घोड्याची नाही.

आता प्रत्यक्ष करायचे काय? दोन बेटांची तक्रार एकत्र करू नका. एकत्र केली की घोड्याच्या बेटचा मेसेज फुटबॉलच्या बेटवरही सावली टाकतो. बुकमेकरला फक्त फुटबॉलबद्दल लेखी तक्रार करा. चॅटवर नको, ईमेलने, बेटच्या पावतीचा क्रमांक देऊन. सोबत डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्या खात्याची सगळी नोंद मागा: बेटची अचूक वेळ, हिशेब कधी बदलला, त्यावर काय शेरे लिहिले गेले. हे फुकट असते आणि साधारण एका महिन्यात द्यावे लागते. शेऱ्यांत कधीकधी कामाचे सापडते. माझ्या एका अशिलाच्या नोंदीत ‘पाल्प नाही, पण मोठे पेआउट, वर विचारा’ असा शेरा निघाला होता. प्रकरण तिथेच मिटले.

आठ आठवड्यांत उत्तर समाधानकारक आले नाही, किंवा त्यांनी ‘हा आमचा अंतिम निर्णय’ म्हटले, की त्यांनी नेमलेल्या स्वतंत्र तंटा-निवारण संस्थेकडे जा. इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा ती म्हणजे १९९८ पासून चालणारी आयबास. तुम्हाला खर्च काही नाही आणि १०,००० पौंडांपर्यंतचा तिचा निर्णय बुकमेकरला पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही तर न्यायालयाचा रस्ता उघडा राहतो. ३०० पौंडांचा दावा लहान दाव्यांच्या विभागात चालतो, वकिलाची गरज नसते आणि मुदत सहा वर्षांची असते, त्यामुळे घाईने काहीही सही करू नका. मधल्या काळात ‘सद्भावना म्हणून’ शंभर पौंडांचा बोनस देऊ करतील आणि खाली बारीक अक्षरांत ‘यानंतर कोणतीही मागणी उरत नाही’ असे असेल. ते बटण दाबले की प्रकरण मिटले, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. आणि हे ३०० पौंड येणारच आहेत असे धरून त्या खात्यात पुढे खेळू नका. तुमच्या शेवटच्या ओळीवरून मला तशी काळजी वाटली, म्हणून सांगतो.

तुमच्या मित्राने विचारले आहे की त्याने स्वतः २० ऐवजी २०० टाकले, तर हीच ‘चूक’ त्याला चालेल का? बहुधा नाही. ती चूक बुकमेकरला दिसत नाही, दोनशे लावणारे रोज हजारो असतात. स्पर्धा सुरू व्हायच्या आत फोन केला तर कधी मेहेरबानी म्हणून रद्द करतात, पण हक्क नाही.

पुण्यात राहणाऱ्या तुमच्या भावासाठी वेगळे सांगतो. तो परदेशी संकेतस्थळावर खेळतो आणि त्याचे असेच पैसे अडकलेत. त्याला यातले काही लागू नाही. कलम ३० तिथे आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला. त्याने दाव्याचा विचार सोडून ते खाते बंद करावे.

तुमच्या तक्रारीचे पहिले वाक्य असे ठेवा: ‘माझी बेट तुम्ही १२:०८ ला १४-१ ने स्वीकारली आणि २:५२ पर्यंत हाच भाव सर्वांना देऊ केलेला होता, तो उघड चुकीचा होता हे तुम्ही कोणत्या वेळी आणि कशावरून ठरवले, ते लेखी कळवा.’ उत्तर आले की मला पाठवा, पुढचे पत्र आपण मिळून लिहू.